मेदाचे बळद आणि इन्शुलिनची किल्ली



इन्शुलिन हा शब्द आपल्या लातूर जिल्ह्यात आता केवळ दवाखान्यातला राहिलेला नाही. तो ओसरीवर, एस.टी.त आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला एक विचार, लातूरला वैद्यकाचे अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्याने देऊन पसरविला. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटोपावे, कारण खाल्ले की इन्शुलिन स्रवते आणि इन्शुलिन स्रवले की चरबी साठते, असे त्याचे थोडक्यात सूत्र आहे. ‘मी दोन वेळाच जेवतो’ असे सांगून बुंदीचे ताट परत करणारा पाहुणा आता आपल्याला नवा नाही.

इन्शुलिन चरबीला काय सांगते, हे या निमित्ताने आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक झाले. आज मी त्याच्या पुढची गोष्ट सांगणार आहे. चरबी मुकी नाही. तीही बोलते. ती मेंदूला, यकृताला आणि स्नायूंना सतत निरोप धाडीत असते, आणि इन्शुलिनच्या चढउताराबरोबर त्या निरोपांचा मजकूर बदलतो. हा संवाद बिघडला की माणूस मधुमेहाच्या वाटेला लागतो. आणि आपल्या लोकांत तो बिघाड वजनाच्या काट्यावर दिसत नाही. कित्येकदा तो जन्माच्या आधीच सुरू झालेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे.

आधी साठवणीचा भाग पाहू. जुन्या वाड्यांत भिंतीच्या पोटात बळद असे. सुगीत ज्वारी वरून ओतायची, झाकण लिंपून घ्यायचे आणि गरज पडेल तेव्हा खालच्या तोंडातून काढायची. आपल्या शरीरातला मेद हे असेच बळद आहे. धान्याऐवजी त्यात स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, आणि त्याच्या एका ग्रॅमपासून सुमारे नऊ कॅलरी उष्णता मिळते. साध्या बांध्याच्या माणसाच्या अंगावरही दहा-पंधरा किलो मेद सहज असतो. म्हणजे लाखभर कॅलरींची बेगमी आपण अंगावर घेऊन हिंडत असतो.

या बळदाची किल्ली इन्शुलिनजवळ आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर पडते. ते स्नायूंना आणि मेदपेशींना साखर आत घ्यायला लावते, यकृताला नवी साखर तयार करणे थांबवायला सांगते आणि बळदाचे खालचे तोंड बंद करते. म्हणजे मेद विरघळून रक्तात येण्याचे थांबते. रात्रीच्या उपाशी वेळात इन्शुलिन उतरते, तोंड उघडते आणि मेदाम्ले बाहेर पडून शरीराचा चरितार्थ चालतो. १९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांचे बळद अक्षरशः सताड उघडे राहून रिते होई आणि ती झिजून मरत. हे लक्षात ठेवले म्हणजे इन्शुलिनला खलनायक ठरविण्याची घाई आपण करणार नाही. किल्ली नसलेले घर सुखी नसते.

आता बळद बोलू कसे लागले ते सांगतो. अमेरिकेच्या मेन संस्थानात बार हार्बर या गावी उंदरांच्या संशोधनाची एक मोठी संस्था आहे. तेथे १९४९ साली काही असे उंदीर आढळले, की जे खाऊन खाऊन आपल्या भावंडांच्या दुपटीतिपटीने जाड होत. पुढे १९७० च्या सुमारास डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले. लठ्ठ उंदराचे खाणे आटोक्यात आले. साध्या उंदराच्या रक्तात असे काहीतरी होते, जे लठ्ठ उंदराच्या अंगात मुळातच नव्हते. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी त्या पदार्थाचे जनुक शोधून काढले. गंमत अशी, की तो पदार्थ ना मेंदूत तयार होत होता, ना जठरात. तो तयार होत होता मेदपेशीत! त्याला लेप्टिन असे नाव मिळाले. ‘लेप्टॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत सडपातळ.

ही गोष्ट माणसालाही लागू आहे काय? १९९७ साली इंग्लंडमध्ये, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध झाली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांचीही भूक काही केल्या शमत नसे. तपासात दिसले की जन्मतःच त्यांच्या अंगात लेप्टिन तयार होत नव्हते. पुढे मुलीला लेप्टिनची टोचणी सुरू होताच तिची भूक माणसांत आली आणि वजन उतरू लागले. ज्या लेकरांना लोक खादाड म्हणत असतील, त्यांचा अपराध एवढाच होता, की त्यांच्या बळदातून मेंदूला ‘भरले आहे’ हा निरोपच जात नव्हता. तेव्हा, बंधूंनो, कोणाच्या भुकेला नावे ठेवताना थोडे थांबावे.

सामान्य लठ्ठ माणसात मात्र लेप्टिन कमी नसते; उलट भरपूर असते. बळद मोठे, म्हणून निरोपही मोठा. पण ऐकणाऱ्याचे कान किटून गेलेले. दारात रोज ओरडणाऱ्याकडे जसे कोणी लक्ष देत नाही, तसा मेंदू त्या निरोपाला दाद देईनासा होतो. त्यामुळे वरून लेप्टिन टोचून लठ्ठपणा बरा करण्याचा बेत फारसा फळाला आला नाही.

आता इन्शुलिनचा या निरोपाशी काय संबंध? १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी निरोगी माणसांवर याचा कसून शोध घेतला. इन्शुलिन रक्तात सतत सोडीत राहिले, तर पहिल्या काही तासांत लेप्टिनमध्ये फारसा फरक पडत नाही. पण एक दिवस उलटला की ते हळूहळू चढू लागते. उलट ५२ तासांचा उपवास घडविला, तर सुमारे बारा तासांनंतर लेप्टिन उतरू लागते आणि पुढे निम्म्याहूनही बरेच खाली जाते. एवढ्या वेळात अंगावरची चरबी कितीशी घटणार? बळद जवळजवळ तसेच भरलेले असते. त्याच उपाशी माणसांना शिरेतून थोडी साखर देऊन रक्तातली साखर आणि इन्शुलिन उतरू दिले नाही, तेव्हा मात्र लेप्टिन पडले नाही.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. लेप्टिन हे नुसते बळदाच्या उंचीचे माप नव्हे. आवक चालू आहे की थांबली, हेही ते सांगते. आणि आवकेची बातमी मेदपेशीला इन्शुलिनकडून मिळते. मांजरा धरणात पाणी किती आहे, एवढेच पाहून लातूरकर निर्धास्त होत नाही. मृगाचा पाऊस आला की नाही, हेही तो पाहतो. ओढ दिसली की पाणी असतानाच हात आखडता घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना हा शहाणपणा वेगळा शिकवायला नको. शरीरही तेच करते. इन्शुलिन फार उतरले, लेप्टिन पडले, की मेंदूला दुष्काळाची दवंडी ऐकू येते. भूक भडकते, उष्णतेचा खर्च कमी होतो, अंगात आळस भरतो.

म्हणूनच कडकडीत उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरविणारा माणूस पुढच्या चार महिन्यांत बारा किलो चढवून बसतो. त्याचा निश्चय कच्चा असतो असे नाही. त्याच्या मेदाने दुष्काळ जाहीर केलेला असतो. दोन जेवणांच्या मध्ये चरायचे नाही, हा नियम चांगला आहे. दर तासाला चहा-बिस्किटे घेणाऱ्याचे इन्शुलिन दिवसभर खाली बसत नाही, आणि त्याच्या बळदाचे तोंड उघडायला सवड मिळत नाही. परंतु नियम आणि उपासमार यांत अंतर आहे, आणि ते ओळखले पाहिजे. ज्यांना साखरेसाठी गोळ्या किंवा इन्शुलिनची टोचणी चालू आहे, त्यांनी तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. औषध पोटात आणि अन्न नाही, अशा स्थितीत साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

मेदाचा दुसरा निरोप्या म्हणजे ॲडिपोनेक्टिन. १९९५-९६ मध्ये अमेरिकेत व जपानात त्याचा छडा लागला. जपानातील काम ओसाका येथे झाले. याचे वागणे लेप्टिनच्या अगदी उलट. मेद वाढला, विशेषतः पोटातला मेद वाढला, की हे कमी होते. आणि हे तर गुणाचे संप्रेरक! ते यकृताला व स्नायूंना इन्शुलिनचे ऐकायला लावते, मेदाम्ले जाळायला मदत करते. निरोगी माणसाच्या रक्तात इन्शुलिन काही तास सोडीत राहिले, तर ॲडिपोनेक्टिन थोडे उतरते असे प्रयोगांत दिसले आहे. बरीच वर्षे इन्शुलिन चढे राहिलेल्या माणसांत ते बहुधा कमीच सापडते.

आता हे दुष्टचक्र कसे फिरते पाहा. मेदपेशी फुगून तट्ट झाल्या की त्यांत पांढऱ्या पेशी शिरतात, दाह सुरू होतो आणि दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात. १९९३ साली अमेरिकेत उंदरांवर दाखविले गेले, की अशा एका द्रव्यामुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. दाद मिळेना, म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. अधिक इन्शुलिनने साठा वाढतो, निरोप बिघडतात, दाद आणखी कमी होते. अखेर एक दिवस स्वादुपिंड थकते आणि लघवी-रक्ताच्या तपासणीत साखर दिसते. रोग त्या दिवशी कळतो. सुरू झालेला असतो कितीतरी आधी.

कोणी म्हणेल, मग हे बळदच नको! तर तेही खरे नव्हे. काही दुर्मीळ रोग्यांच्या अंगावर मेद जवळजवळ नसतोच. त्वचेखाली शिरा दोरखंडासारख्या दिसतात. अशी माणसे मधुमेहापासून सुरक्षित असावीत, असे वाटेल. पण त्यांना अतिशय उग्र मधुमेह होतो. बळद नसल्यामुळे आलेले धान्य ठेवायचे कोठे? ते यकृतात आणि स्नायूंत सांडते. आणि लेप्टिन नसल्यामुळे भूक अनावर असते. अशा रोग्यांना लेप्टिन दिले, की साखर आणि यकृतातला मेद दोन्ही उतरतात, असे २००२ साली दाखविण्यात आले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. तात्पर्य, मेद हा शत्रू नाही. योग्य जागी, योग्य मापाने असलेला मेद हा रक्षक आहे. त्वचेखालचे बळद पुरेनासे झाले आणि धान्य माजघरात सांडू लागले, म्हणजे घर बिघडते. पोटातला आणि यकृतातला मेद हे ते सांडलेले धान्य.

येथे आपण आपल्या घरी येतो. आपल्याकडे मधुमेह्यांत असे कितीतरी असतात, की ज्यांना पाहून कोणी लठ्ठ म्हणणार नाही. हातपाय काटक्या, शर्ट ढगळ, पण पोट पुढे. ‘मी एवढा वाळकुडा, मला कशी साखर होईल?’ असा त्यांचा प्रश्न असतो आणि त्या भरवशावर ते तपासणीच करीत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचा फार मोठा वाटा आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातील मेद मोजला, तर युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! काट्याने दोघांना एकाच मापात तोलले होते. पण आतले बळद निराळे होते.

हा फरक केव्हा पडतो? १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. या माता सरासरीने जेमतेम पाच फूट उंचीच्या आणि ४२ किलोच्या आतबाहेर वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ बारीक, पण आतून मेदाळ. पुढे २००२ साली पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. वजनाच्या मानाने पाहता पुण्याच्या बाळांत इन्शुलिन आणि लेप्टिन दोन्ही अधिक होती. आज ज्या संवादाविषयी मी बोलतो आहे, तो आईच्या पोटातच निराळ्या सुरात सुरू झालेला होता.

असे का व्हावे? आईकडून पुरेसे पोषण येत नसेल, तर गर्भ आधी मेंदूची सोय लावतो, स्नायूंवर खर्च कमी करतो आणि पुढच्या टंचाईसाठी बेगमी करतो, अशी याची उपपत्ती मांडली जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेली माणसे पन्नाशीला आली, तेव्हा साखर पचविण्याची त्यांची शक्ती इतरांपेक्षा कमी भरली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या मराठवाड्याला ही गोष्ट परकी वाटू नये. टंचाईसाठी सज्ज होऊन जन्मलेले मूल पुढे सुकाळात वाढले, म्हणजे घोटाळा होतो. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा जन्मताना वजनाने कमी पण आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुले इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. ‘बाळसे’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो आणि ज्यासाठी लेकराच्या तोंडात सतत काही कोंबत राहतो, त्याचा थोडा विचार व्हावा.

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसले. ही संख्या नुसत्या औषधाने कमी होणार नाही. मग करायचे काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, काट्याबरोबर शिंप्याची फीत वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कितीही असो, रक्त तपासून घ्यावे. आईवडिलांना मधुमेह असेल, तर मापाची वाटच पाहू नये.

दुसरी गोष्ट, स्नायू राखा. साखर रिचविण्याचे शरीरातले सर्वांत मोठे ठिकाण स्नायू आहे, आणि आपला माणूस जन्मतः त्यातच कमी. पूर्वी मोट, कोळपणी, पाण्याची खेप यांत ते काम आपोआप होई. आता विहिरीवर मोटर आहे आणि बांधापर्यंत दुचाकी जाते. ही सुखे सोडा असे मी म्हणणार नाही. पण रोज तास-पाऊण तास झपझप चालावे आणि थोडे वजन उचलण्याचे काम करावे. ताटात भाकरीबरोबर डाळ, मठ, हरभरा पुरेसा असावा. डाळींची पेठ ज्या जिल्ह्यात आहे, तेथे वरण पातळ होऊ नये.

तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. घरातल्या मुलीकडे पाहा. आज बारा-चौदा वर्षांची असलेली पोर उद्या आई होईल, आणि तिच्या नातवंडांच्या बळदाचा पाया आज तिच्या ताटात घातला जातो आहे. पुण्याच्या त्याच अभ्यासात दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्या मातांत ब-१२ कमी पण फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला कमी दाद देताना दिसली. ब-१२ दूध, दही, ताक, अंडी, मांस यांतून मिळते. भाजीभाकरीतून ते जवळजवळ मिळत नाही. आपल्या घरांत म्हशीचे दूध डेअरीला जाते, उरलेले चहाला, त्यातून राहिले तर मुलाला, आणि मुलगी सर्वांच्या मागून जेवते. तिचे लग्नही लवकर उरकण्याची घाई असते. स्वतःचे अंग भरायच्या वयात तिच्या पोटात दुसरा जीव वाढू लागतो. मधुमेहाचा विचार आपण पन्नाशीच्या पुरुषापासून सुरू करतो. तो या मुलीच्या वाटीभर दह्यापासून सुरू व्हायला हवा.

श्रोतेहो, विज्ञानाने गेल्या शंभर वर्षांत या विषयाची दोन पाने उलटली. इन्शुलिनने किल्लीचे गूढ उकलले, आणि लेप्टिन-ॲडिपोनेक्टिनने बळदाला वाचा दिली. तिसरे पान प्रयोगशाळेत उलटणार नाही. ते घरोघरीच्या स्वयंपाकघरात उलटायचे आहे.  घरी गेल्यावर फीत शोधा, स्वतःची कंबर मोजा, आणि मुलीचे ताट आधी वाढा. एवढे झाले, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.